सत्तावीस जणांचं समुद्रावरचं घर: चुकत चुकत शिकलेलं

आमच्या कुटुंबात समुद्रावरच्या घराचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. चौघा भावंडांनी मिळून घर बांधायचं ठरवलं तेव्हा बाकी तिघांच्या नोकऱ्या चालू होत्या आणि मी नुकताच निवृत्त झालो होतो. शिवाय माझी सगळी हयात जहाजदुरुस्तीच्या गोदीत गेली, म्हणजे याला समुद्रातलं कळतं, असं दादाने परस्पर जाहीर करून टाकलं. गंजातलं मला कळत होतं, हे खरं. घरातलं मात्र चुकत चुकत शिकलो. घर उभं राहून आता नऊ वर्षं झाली. त्यातलं काय पुन्हा तसंच करीन आणि काय जन्मात करणार नाही, ते इथे लिहितो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. या घरात दोन कुळं राहणार आहेत. एक तुमचं. ते वर्षातून तीन-चार आठवडे येतं, सगळं एकदम येतं आणि ओलं, वाळूने माखलेलं, भुकेलेलं असतं. दुसरं कूळ मिठाचं. ते बाराही महिने असतं आणि घर बंद असलं की जास्तच हातपाय पसरतं. नकाशा काढणारे बहुतेक वेळा पहिल्याचाच विचार करतात. ठेकेदार कोणाचाच करत नाही.

डोकी मोजा, पण रात्रीची

'आम्हाला किती खोल्या हव्यात' या प्रश्नाने सुरुवात करू नका. तिथेच घोळ होतो. आमच्याकडे प्रत्येक बिऱ्हाडाने 'आम्हाला आमची एक खोली, आणि ती बाकीच्यांपेक्षा लहान नको' एवढंच सांगितलं. पहिल्या नकाशात आठ शयनगृहं आली. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दारं. वहिनी म्हणाली, "हे घर आहे की लॉज?" तो कागद तिथेच फाडला.

मग मी वहीत एक तक्ता केला. नाव, वय आणि रात्रीची अडचण, एवढेच रकाने. आत्या: जिना चढत नाही. थोरला पुतण्या: घोरतो, भिंत हलते. धाकट्या भाचीचं बाळ: रात्री तीनदा उठतं. मेहुणे: पहाटे पाचला उठून भांडी वाजवतात. सत्तावीस ओळी भरल्यावर दिसलं की दार लावून झोपायची खरी गरज असलेली माणसं दहा-अकराच आहेत. नऊ पोरांना एकत्रच झोपायचं आहे. उरलेल्यांना गादी, पंखा आणि मच्छरदाणी मिळाली की पडवीही चालते. आठाच्या पाच खोल्या झाल्या, त्याही तीन बाय सव्वातीन मीटरच्या. समुद्रावर येऊन शयनगृहात बसून कोणी राहत नाही. वाचलेली सगळी जागा पडवीला दिली.

म्हाताऱ्या माणसांची खोली तळमजल्यावर, संडास-बाथरूम आतच आणि रात्रीच्या गोंगाटापासून लांब ठेवा. दार ९० सेंटिमीटर रुंद, उंबरा नाही, संडासाशेजारी धरायला गज. तो गज टाइल लावायच्या आधीच भिंतीत मजबुती घालून बसवा. नंतर टाइलला भोकं पाडून लावलेला गज नेमका ज्या दिवशी लागतो त्या दिवशी हातात येतो. चाकाच्या खुर्चीचा उतार १ ला १२ या मापाने काढतात. आमचं जोतं ९० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे उतारच जवळजवळ अकरा मीटर लांब झाला. तो कुठून जाणार आणि कुठे वळणार हे नकाशातच ठरवावं लागतं. 'मागाहून एक फळी टाकू' असं म्हणणाऱ्याला त्या फळीवरून आधी स्वतः खुर्ची ढकलून दाखवायला सांगा.

पोरांच्या खोलीत दोन मजली पलंग बांधून घेतले. गादी ९० बाय १९० सेंटिमीटर पुरते, पण एक-दोन २०० लांबीचे ठेवा, कारण पोरं वाढतात. वरच्या गादीपासून छतापर्यंत निदान ९० सेंटिमीटर सोडा, नाहीतर रोज सकाळी कोणीतरी कपाळ चोळत खाली उतरतं. गादी घातल्यावरही कठडा १६ सेंटिमीटर वर दिसला पाहिजे. जाड गादी आणली की कठडा बुडतो, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. सहा वर्षांखालचं पोर वर नाही, यात लाड नाहीत. शिडीऐवजी खणांचे जिने केले तर त्या खणांत कपडेही मावतात.

या खोलीत माझी एक चूक झाली. मी सवयीने मधोमध छताचा पंखा लावला होता. पहिल्याच रात्री वरच्या पलंगावरून कोणीतरी टॉवेल भिरकावला, तो पात्यात अडकला आणि पंखा वेडावाकडा नाचायला लागला. टॉवेलच्या जागी हात असता तर? दुसऱ्या दिवशी पंखा उतरवला. आता भिंतीवर जाळीचे पंखे आहेत, प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक. वर झोपणारे आणि छताचा पंखा एका खोलीत ठेवू नका.

संडास-बाथरूमचं गणित लोक पाच माणसांमागे एक असं करतात. पण आकड्यापेक्षा मांडणी महत्त्वाची. संडास वेगळा, न्हाणी वेगळी आणि बेसिन दोन्हीच्या बाहेर अशी फोड केली की तेवढ्याच जागेत एका वेळी तिघांचं काम होतं. सकाळी साडेसात वाजता याची किंमत कळते.

जागा आणि वारा

किनाऱ्यापासून किती अंतर सोडायचं याचे नियम जिथले तिथे असतात, ते पाळाच. पण नियमाने परवानगी दिली म्हणून पुढे सरकू नका. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आणि चढण्याचा वेग वाढतोच आहे. नातवंडांनी वापरावं म्हणून घर बांधत असाल तर त्यांच्या वेळचा समुद्र धरा. समोरची वाळूची टेकडी आणि तिच्यावरची वेडीवाकडी वेल 'नजारा अडतो' म्हणून साफ करू नका. त्या वेलीची मुळं वाळू धरून ठेवतात आणि वादळात पहिली लाट तीच टेकडी अंगावर घेते. आम्ही टेकडीला हात न लावता वरून लाकडी फळ्यांची पायवाट नेली.

दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, कारण जमीन लवकर तापते. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट दिशेने वाहतात. शाळेत हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि घर बांधताना विसरलो, असं होऊ देऊ नका. समुद्राच्या बाजूला मोठमोठ्या काचा आणि मागच्या बाजूला एवढीशी खिडकी ठेवली की वारा दारात येऊन थबकतो. त्याला बाहेर पडायला तेवढीच, किंबहुना थोडी मोठी वाट द्या. आमच्या पाचही खोल्यांना दोन समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आहेत. म्हणूनच घर एका खोलीइतकं अरुंद आणि लांबच लांब झालं.

वादळाचं एकच सूत्र लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि छप्पर वाऱ्याने दाबलं जात नाही, उपटलं जातं. म्हणून दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरं. वासे भिंतीवर नुसते टेकवून चालत नाहीत, ते पट्ट्यांनी भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली हवी. पडवीचं छप्पर मुख्य छपराचंच पुढे ओढलेलं टोक असू नये. ते वेगळं ठेवा, म्हणजे गेलं तर एकटं जाईल, घराची टोपी घेऊन जाणार नाही.

मीठ: माझा आवडता शत्रू

इथे जरा थांबणार आहे, कारण या विषयात लोक नुसते 'चांगल्या क्वालिटीचं घाला' म्हणून मोकळे होतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाटा फुटल्या की त्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि घराच्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. म्हणजे पाऊस नसतानाही धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. यातून एक गंमत निघते, जी मला गोदीतही बघायला मिळायची. उघड्यावरचा धातू पावसाने धुतला जातो आणि आडोशाचा धुतला जात नाही. आमच्या फाटकाची बिजागरी भर पावसात उभी राहून ठीक आहे. वळचणीखालच्या दाराची बिजागरी मात्र तिसऱ्या वर्षी बदलावी लागली. तेव्हा 'आत आहे, काही होत नाही' असं जिथे वाटेल तिथे आधी हात फिरवा. बोट चाटून बघितलं तरी कळतं.

काँक्रीटमध्ये मीठ कसं काम करतं ते समजून घ्या, म्हणजे ठेकेदाराशी नीट भांडता येईल. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर संरक्षक थर राहतो. मिठातलं क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोहोचलं की तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून ढलप्या निघतात. उपाय दोन. सळईवर काँक्रीटचं कव्हर जाड ठेवायचं, समुद्राकाठी ५० मिलिमीटर धरून चाला. आणि काँक्रीट घट्ट करायचं. घट्ट म्हणजे सिमेंट जास्त नव्हे, पाणी कमी. पाणी आणि सिमेंट यांचं प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ देऊ नका. ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, आणि वाळूतली ओलही त्यातच मोजायची. मजुराला पातळ माल ओतायला सोपा जातो, म्हणून तो पाठ फिरली की बादली ओततो. स्लॅबच्या दिवशी मी मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक ५० मिलिमीटरचेच आहेत ना, हे पट्टी लावून मोजलं. सळईखाली दगडाचे तुकडे सरकवलेले दिसले ते काढायला लावले. त्या दिवशी मी कोणाचाच लाडका नव्हतो. किनाऱ्यावरची वाळू मालात नको आणि खारं पाणी क्युरिंगलाही, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायलाही, नको. ते समोरच फुकट पडलेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता स्टेनलेस. 'स्टेनलेस आहे, गंजणार नाही' असं दुकानदार म्हणेल. त्याला कुठल्या प्रतीचं, ३०४ की ३१६, ते विचारा. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि समुद्राकाठी तेवढ्यानेच फरक पडतो. ३०४ वर वर्षाच्या आत तपकिरी डाग उमटतात. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारे परीक्षणाचे थेंब मिळतात, ते वापरा. सगळीकडे ३१६ परवडत नाही, ते खरं. मग बिजागऱ्या, कड्या, कठड्याचे बोल्ट आणि छपराच्या पट्ट्या जोडणारे बोल्ट एवढ्यांवर खर्च करा. आडोशाच्या मोठ्या लोखंडी कामाला जस्तात बुडवून काढलेला मुलामा घ्या. नुसता चंदेरी रंग मारलेला नव्हे.

आणि दोन धातूंचं लग्न लावताना पत्रिका बघा. आमच्या मागच्या दाराला मी स्वतः निवडून ३१६ च्या बिजागऱ्या आणल्या. सुताराकडचे स्क्रू संपले, त्याने खिशातले साधे लोखंडी मारले. चौदा महिन्यांनी दार माझ्या अंगावर आलं. बिजागरी नव्यासारखी लखलखीत, स्क्रूच्या जागी लाल भुकटी. खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. आणि तो आकाराने लहान असला तर फारच भराभर. जहाजाच्या बुडाला आम्ही हेच तत्त्व उलटं वापरतो. जस्ताचे ठोकळे मुद्दाम लावायचे, म्हणजे जस्त झिजतं आणि पोलाद वाचतं. घरात असा बळी द्यायला कोणी नको असेल तर बिजागरी ज्या धातूची, स्क्रू त्याच धातूचा. ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टेनलेसचा स्क्रू लागणारच असेल तर मध्ये नायलॉनचा वायसर घाला.

विजेची मुख्य पेटी पत्र्याची नको, प्लास्टिकची घ्या आणि समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीवर लावा. गळती पकडणारा ३० मिलिॲम्पिअरचा ब्रेकर हवाच. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी स्विच दाबणारी नऊ पोरं आहेत. वातानुकूलन यंत्राचं बाहेरचं युनिटही आडोशाच्या बाजूला ठेवा, पण तिथे पाण्याची नळी पोहोचली पाहिजे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतलं तर ते टिकतं.

वाळू घरात येण्याआधी

वाळू अडवायच्या तीन चौक्या करा. पहिली फाटकाशी. तिथे बसायला कट्टा आणि घोट्याच्या उंचीवर नळ. दुसरी चौकी म्हणजे उघड्यावरची न्हाणी, दोन फवारे असलेली, एक मोठ्यांच्या उंचीचा आणि एक पोरांच्या. तिसरी घराच्या दाराशी, लाकडी फटींच्या फळ्यांची, पायाची वाळू खाली पडेल अशी. खरी युक्ती मात्र वाटेची आहे. उघड्या न्हाणीतून घरातल्या बाथरूममध्ये थेट दार हवं. आमच्या पहिल्या मांडणीत ओलं पोर हॉल ओलांडूनच कपडे बदलायला जाऊ शकत होतं, आणि ते हॉलमध्येच बसायचं. सोफ्यावर. मग बाथरूमची मागची भिंत फोडून दार काढलं. हे आधी सुचलं असतं तर ते फोडकाम वाचलं असतं.

उघड्या न्हाणीचं पाणी सरळ नळीत सोडू नका. त्याखाली ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीची टाकी बांधा, तीत भोकं पाडलेली बादली बसवा आणि बाहेर जाणारी नळी तळापासून वर ठेवा. वाळू बादलीत बसते, पाणी वरून निघून जातं. सगळे जमलेले असताना आमची बादली रोज अर्धी भरते. ही वाळू सेप्टिक टँकमध्ये गेली असती तर काय झालं असतं हे मला माहीत आहे, कारण पहिल्या वर्षी गेली होती. जेवणाच्या वेळेला सांगण्यासारखं ते नाही.

फरशी खरखरीत आणि वाळूच्या रंगाची घ्या. गुळगुळीत फरशीवर ओला पाय घसरतो, पांढरीवर दर कण दिसतो आणि वहिनी दिवसभर झाडू घेऊन फिरते. टॉवेलला दांड्या नकोत, खुंट्या लावा. दांडीवर एक ओला टॉवेल असला की दुसरा त्यावरच पडतो आणि दोन्ही कुबट होतात. माणशी दोन, म्हणजे चोपन्न खुंट्या. लोक हसले होते. आता एकही रिकामी नसते.

पाणी

माणशी दिवसाला १५० लिटर धरलं तरी सत्तावीस जणांना चार हजार लिटर लागतात. दोन दिवसांचा साठा म्हणजे आठ हजार. विहीर असली तरी साठा हवाच, कारण समुद्राकाठची विहीर उपसायची म्हणजे जपून. किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. त्याचा हिशोब घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने ओळखला जातो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी. उलट वाचा, म्हणजे घाम फुटेल. उपसून पातळी एक मीटर उतरवली तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकतं. म्हणून मोठा पंप लावून तासाभरात टाकी भरू नका. लहान पंप सावकाश चालवा आणि पावसाचं पाणी छपरावरून वेगळ्या टाकीत घ्या. न्हाणीच्या फवाऱ्यांना ते उत्तम.

सेप्टिक टँक नेहमीच्या चार माणसांच्या हिशोबाने बांधू नका, गर्दीच्या आठवड्याच्या हिशोबाने बांधा. विहिरीपासून निदान १५ मीटर लांब, जमलं तर दुप्पट. शोषखड्ड्याचा तळ भर पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्याही वर राहिला पाहिजे, नाहीतर तो शोषायच्या ऐवजी उलटा भरतो. किनाऱ्यावर पाणी फार वर असतं, तेव्हा ऐन पावसात एक खड्डा खणून बघा.

स्वयंपाकघर आणि पडवी

इथे मी फार बोलणार नाही, कारण इथलं सगळं वहिनीने ठरवलं आणि ते बरोबर ठरलं. दोन ओट्यांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर, म्हणजे एकजण वाकलेला असताना दुसरा मागून जाऊ शकतो. दोन सिंक. एक ओटा ८० सेंटिमीटरचा आत्यासाठी आणि एक ९० चा उंच पुतण्यांसाठी, त्यामुळे 'आमच्या उंचीला जमत नाही' ही सबब बंद झाली. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पेल्यांची फळी स्वयंपाकघराच्या बाहेर. ही एक गोष्ट कोणी केली नाही तरी तुम्ही करा. दिवसातून दोनशे वेळा पाणी प्यायला येणारी माणसं ओट्याच्या वाटेतून कायमची जातात.

टेबलाच्या कडेला माणशी ६० सेंटिमीटर लागतात. सत्तावीस जणांचं टेबल केलं तर ते लांबीला घराबाहेर जाईल. तीन मीटरचं एक टेबल ठेवा आणि पडवीला भिंतीभर कट्टा बांधा. कट्टा ४५ सेंटिमीटर उंच, ५० खोल. त्यावर जेवतात, पत्ते खेळतात, दुपारी झोपतात, रुसून बसतात. पडवीची रुंदी तीन मीटर तरी हवी. सव्वा मीटरच्या पडवीत खुर्ची टाकली की ती बोळ होते. आणि पडवीतून समुद्रावर खेळणारी पोरं नजरेत राहिली पाहिजेत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून तपासा, उभं राहून नव्हे. आमच्या कठड्याची वरची आडवी पट्टी नेमकी तिथे आली होती, ती खाली घ्यावी लागली.

फाटकाची कडी मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर ठेवा. शेजारी फळा लावा, त्यावर भरतीची वेळ लिहायची. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. फळा लिहायचं काम सगळ्यात व्रात्य पोराला द्या. समुद्राकडे तोंड करून झगझगीत दिवे लावू नका. कासवाची पिल्लं अंड्यातून निघाली की उजळ क्षितिजाकडे चालतात, आणि ते क्षितिज तुमच्या पडवीचं नसावं. खाली झुकलेले, आडोसा असलेले, पिवळट-तांबूस दिवे पुरतात. डासही कमी येतात.

ज्याचं त्याचं, सगळ्यांचं

प्रत्येक बिऱ्हाडाला कुलुपाचं एक उभं कपाट द्या, ६० सेंटिमीटर रुंद, सगळ्यांना सारखं. बाकी सगळं सामाईक. सामाईक वस्तू मात्र दर सुट्टीत हरवतात, कारण जो ठेवतो तो निघून गेलेला असतो. यावरचा उपाय पुतणीने सुचवला, ती वास्तुकला शिकते. आयलीन ग्रे या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ ते १९२९ दरम्यान फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर ई-१०२७ नावाचं छोटं घर बांधलं. त्यात कशाची जागा कुठे ती अक्षरं भिंतींवर आणि खणांवर छापून ठेवली होती, उशा कुठे, टोप्या कुठे. आम्ही तेच केलं. पत्र्याच्या छापाने खणाखणावर लिहिलं: चादरी, बॅटऱ्या, मलमपट्टी, पत्ते. दादा म्हणाला सरकारी कचेरीसारखं दिसतं. दिसू दे. रात्री दोन वाजता दिवे गेले तेव्हा बॅटऱ्या पहिल्या फेरीत सापडल्या.

कुलूप लावून निघताना

घर बिघडतं ते बंद असताना. कपाटांची दारं झडपांची किंवा जाळीची घ्या आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे मागे बुरशी धरत नाही. निघताना गाद्या उभ्या करा, खणांचे कप्पे थोडे उघडे सोडा. मोऱ्यांच्या सापळ्यातलं, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत वास अडवायला साठलेलं, पाणी महिना-दोन महिन्यांत सुकतं, मग त्या वाटेने वास आणि झुरळं आत येतात. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे तेल सोडा. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. मुख्य पाण्याचा नळ बंद करा. परत आलात की गरम पाण्याची टाकी ६० अंशांपर्यंत तापवा, खिडक्या उघडा आणि सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या, मगच कोणाला अंघोळीला पाठवा. साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि ते तुषारांतून छातीत जातात.

ही यादी आम्ही दाराच्या आतल्या बाजूला रंगवून घेतली आहे. शेवटची ओळ वहिनीच्या अक्षरात आहे, कारण एका वर्षी मी सगळं केलं आणि वीज बंद करून फ्रीजचं दार तेवढं घट्ट लावून निघालो. चार महिन्यांनी ते उघडलं ते मीच, आणि मग फ्रीज अंगणात नेला तोही मीच, एकट्याने. ओळ अशी आहे: 'फ्रीज रिकामा. दारात घडी केलेलं फडकं. भावजींनी पुन्हा बघावं.'